हिरवा फ्रीज आणि बाकीचे निरोप

काचेतलं जेवण

जपानी हॉटेलाच्या दाराशी काचेचं कपाट होतं आणि त्यात जेवण मांडून ठेवलं होतं. खोटं जेवण. वाडग्यातल्या शेवया हवेत उचललेल्या आणि तशाच थांबलेल्या, खाणारा मात्र नाही. थोरला त्या कपाटापुढे वाकून बघत राहिला, कारण आत जाण्यापेक्षा ते सोपं होतं.

तो कवळ्या बनवायचा. उभा जन्म त्यातच गेलेला. मेणात एकेक दात रोवायचा, गुलाबी हिरड्या घडवायच्या, घासून घासून चकाकी आणायची. कपाटातल्या कोळंबीचा गुलाबी रंग त्याला ओळखीचा वाटला. हिरडीचाच माल, तो मनात म्हणाला. कारागिराचा हात चांगला होता, फक्त माशावरची चकाकी जरा जास्त झाली होती. खोटं पकडलं जातं ते बहुतेक चकाकीपायीच.

"काका, ते खायचं नाहीये. आत चला."

ही पुतणी, धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी जे कानावर पडेल ते जसंच्या तसं परत म्हणायची, म्हणून घरात तिचं नाव मिठू पडलं. पुढे पोरीनं त्याचाच धंदा केला. ऐकू न येणाऱ्यांची खुणांची भाषा शिकली आणि दवाखान्यात, कचेरीत, कोर्टात त्यांची दुभाषी म्हणून उभी राहू लागली.

"आलाय तो?"

"मघाशीच. पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. तुमची वाट बघतायत."

"वाट बघतोय असं तो म्हणाला?"

मिठू थबकली. "नाही. ते मी म्हटलं. चुकलं माझं."


कशासाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते. जीव वाचेल म्हणाले होते डॉक्टर, आवाज नाही वाचणार.

म्हणून मिठूनं दोघांना जेवायला बोलावलं होतं. मॉलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या या हॉटेलात, कारण धाकट्याच्या घशाखाली आता फक्त मऊ जात होतं आणि इथे एक पदार्थ मिळायचा, चावानमुशी म्हणतात त्याला. कपात वाफवलेलं अंड्याचं खिरीसारखं काहीतरी. जिभेवर ठेवलं की आपलं आपण उतरतं.

आणि थोरला आला होता एका शब्दासाठी. ते त्यानं मिठूलाही सांगितलं नव्हतं. या वयात असं मागणं कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. धाकट्याच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या आवाजात, एकदा 'दादा' ऐकायचं होतं. उद्यापासून तो आवाज जगातच असणार नव्हता.


घरचा कायदा

या भावांच्या घरात भांडणं कमी आणि अबोले फार.

भांडण कसं, कपबशा फुटतात, दोन तास घर डोक्यावर घेतलं जातं आणि संपतं. अबोला पाळावा लागतो. त्यांच्या घरात तर त्याला रीतसर कायदे होते. अबोला ज्यानं धरला, त्यानंच तो सोडायचा. दुसऱ्यानं मध्ये बोलून तो मोडायचा नाही, तो लोचटपणा. आणि अबोला धरला हे तोंडानं सांगायचं नाही. समोरच्याशी बोलायचं ते आईला सांगून. तो हातभर अंतरावर बसलेला असला तरी. "आई, त्याला सांग माझी कंपासपेटी दे." एवढं झालं की समजायचं, धरला.

मग आई पाटावरून न उठता मान वळवायची. "अरे, तो म्हणतोय कंपासपेटी दे." "त्याला सांग, नाही देत." "तो नाही देत म्हणतोय रे." दोन घरांतली भिंत असावी तशी ती मध्ये बसायची. फरक इतकाच की ही भिंत मेथी निवडत... नाही, मेथी नव्हती. काहीतरी निवडत असायची. नेहमी काहीतरी निवडतच असायची.


वडिलांचे दात

शेवटचा अबोला झाला तो वडील गेले त्या दिवशी.

थोरल्यानं वडिलांसाठी कवळी बनवली होती. त्याच्या हातून उतरलेली सगळ्यात सुरेख कवळी. वडिलांनी ती एकदाही लावली नाही. पेल्यातल्या पाण्यात ठेवायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे, "हे बघा, पोराचं काम." स्वतः बोळक्या तोंडानंच हसायचे.

ते गेल्यावर, लोक यायच्या आत, थोरल्यानं ती त्यांना बसवली. गाल भरले. ओठ जागेवर आले. माणसं म्हणाली, किती टवटवीत दिसतायत. मग धाकटा धावतपळत आला, कामावरचे तेलकट कपडे तसेच अंगावर, फ्रीज दुरुस्तीची पिशवी खांद्याला. चेहऱ्याकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे कोण आहे? काढ ते. हे आपले बाबा नाहीत."

थोरल्यानं काढले नाहीत. धाकटा बाहेर पायरीवर जाऊन बसला.

सगळं आटोपल्यावर थोरला त्याच्या कामाच्या खोलीत जाऊन बसला आणि धाकटा पुन्हा बाहेर पायरीवर. बास. ती पायरी आणि ती खोली, यांच्यात मग वर्षं गेली.


टेबल

धाकटा खिडकीपाशी बसला होता. गळ्याला मफलर. अंगातला सदरा दुसऱ्याचा असावा तसा. आईला शेवटचं पोचवलं तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते, तेव्हा हा चांगला दणकट गडी होता.

थोरला समोर बसला. मिठू दोघांच्या मध्ये, टेबलाच्या अरुंद बाजूला. आईची जागा, थोरल्याच्या मनात आलं.

गडद निळा अॅप्रन लावलेली मुलगी गरम ओले टॉवेल गुंडाळून घेऊन आली. धाकट्यानं त्या टॉवेलानं मानही पुसून घेतली, गॅरेजमध्ये पुसतात तशी. मिठूनं मागवायचं ते मागवलं. थोरल्याला सुशी, कारण त्याला काही कळत नव्हतं आणि चित्रात ती नीटनेटकी दिसत होती.

काउंटरवर मासे ठेवायचा काचेचा फ्रीज घरघरत होता.

"हे बघा," मिठू म्हणाली. "मी माझ्या कामाच्या पद्धतीनंच करणार. एक म्हणजे, जे म्हणाल ते तसंच सांगेन. घालणार नाही, गाळणार नाही. दुसरं, तो म्हणतो, ते म्हणतात, असं मी लावत नाही. तुम्ही मी म्हणालात की मीही मीच म्हणणार. चालेल?"

"चालेल," थोरला म्हणाला.

"चालेल," मिठू बापाकडे वळून म्हणाली.

धाकट्याला हसू फुटलं आणि त्याचा खोकला झाला. खरखरीत, पत्रा ओढत नेल्यासारखा. हा आवाज? आपण ज्याची वाट बघतोय तो हाच का?


जसंच्या तसं

"त्याला विचार, दुखतं का."

"दुखतं का?"

"गिळताना."

"गिळताना."

"त्याला सांग, माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याचंही हेच झालं, आता ठणठणीत फिरतो."

"माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याचंही हेच झालं, आता ठणठणीत फिरतो."

"कोण?"

"कोण?"

असा कुणी नव्हता. आई असती तर तिनं नाव, गाव, त्याच्या बायकोचं माहेर, सगळं पुरवलं असतं.

"सांग, आठवत नाही."

"आठवत नाही," मिठू म्हणाली, आणि बाप पुन्हा हसला.


निरोप

सुशी आली. भाताच्या वळकट्यांवर माशाचे काप, एकसारखे, फाटक्या जिभा ओळीनं ठेवाव्यात तसे. धाकट्यापुढे झाकणाचा कप आला. त्यानं झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली आणि छोट्या चमच्यानं एक घास घेतला. सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होते. उतरला.

थोरल्याला वाटलं, आता विचारावं. हा घास उतरलाय तोवर विचारावं.

"त्याला विचार," तो सुशीकडे बघत म्हणाला, "त्यानं अबोला धरला. इतकी वर्षं सोडावासा वाटला नाही?"

मिठूनं एक श्वास घेतला. "तू अबोला धरलास. इतकी वर्षं सोडावासा वाटला नाही?"

धाकट्यानं चमचा खाली ठेवला.

"मी धरला? त्याला म्हणावं डोकं ठिकाणावर आहे का. पहिला निरोप त्याचा आला. मी पायरीवर बसलो होतो, आई आली आणि म्हणाली, थोरला म्हणतोय झालं ते झालं, आत येऊन जेव. आईकडून सांगतोस? कामाच्या खोलीत बसून? म्हणजे धरलास ना! मग मीही उठलो आणि गेलो."

मिठू सांगू लागली. थोरल्यानं हातानं तिला थांबवलं. ऐकलं होतं त्यानं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"मी असं म्हटलंच नव्हतं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही. "मी तेव्हा कुणाशी बोललोच नाही. उलट आई माझ्याकडे आली. म्हणाली, धाकट्याला वाईट वाटतंय, तो म्हणतोय दादाला सांग माझं चुकलं. मी म्हटलं, हा पायरीवर बसून आईला पाठवतो? स्वतः दोन पावलं येत नाही? धरला यानं."

"मी कुठे म्हटलं चुकलं? चुकलं नव्हतंच माझं."

काउंटरवरचा फ्रीज घरघरला, थांबला, परत घरघरला.

दुसऱ्या कुठल्याही घरात तो गोड निरोप असता. दोन्ही भाऊ उठले असते, दारात गाठ पडली असती. या घरात आईच्या तोंडून आलेला शब्द, मग तो कितीही मायेचा असो, म्हणजे अबोल्याची नांदी. आणि हा कायदा तिलाच सगळ्यात चांगला माहीत होता. पण नवरा गेला त्या दिवशी बाई कायदा विसरली. तिला फक्त दोन्ही पोरं आत हवी होती.


हिरवा फ्रीज

आई थोरल्याकडे राहायची आणि दर रविवारी धाकट्याकडे जायची. ती गेली तेव्हा निरोप थांबले. दोघांनीही एकच समजूत करून घेतली, की आईपुरतंच होतं याचं, ती गेली आणि हा आटला.

आता ते एकेक निरोप काढून टेबलावर ठेवू लागले. मिठू मध्ये बसून सांगायची, पण तिच्याआधीच उत्तर यायचं, मग तिनं सोडून दिलं.

"फ्रीज कुठला घेऊ विचारलं, तर याचा निरोप आला, हिरवा घे. घेतला की मी! अजून वापरतोय," थोरला म्हणाला.

"हिरवा? अरे तो... त्याला सांग, ते त्या कंपनीचं सगळ्यात भिकार मॉडेल होतं. मी जन्मात कुणाला सांगणार नाही घ्यायला."

"महिन्याआड बंद पडतो. मी म्हटलं, यानं सूड उगवला."

"मग दुरुस्तीला कुणाला बोलवायचास?"

"दुसऱ्यांना. चिकार पैसे घेतात."

धाकट्यानं कपाळाला हात लावला. "आईला हिरवा रंग आवडायचा," तो म्हणाला.

आणि अक्कलदाढ. धाकट्याची अक्कलदाढ ठणकत होती तेव्हा आईनं येऊन सांगितलं होतं, थोरला म्हणतो काढू नकोस, वर डोळ्यांवर परिणाम होतो. धाकट्यानं ती आजतागायत ठेवली होती. थंडीत रात्ररात्र गाल धरून बसायचा.

"डोळ्यांवर?" थोरला ओरडलाच. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून बघितलं. "मी दातांचं काम करतो! मी असं सांगेन?"

"मलाही वाटायचं. पण म्हटलं, याचं शिक्षण त्यातलं."

दोघं हसत होते. मिठूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते त्या गरम टॉवेलानं पुसत होती, तो आता गार झाला होता. थोरल्याला वाटलं, जमलं. आता येईल तो शब्द. हसण्याच्या ओघात सहज निघून जाईल.

हसता हसताच धाकटा म्हणाला, "आणि सिगरेट."

"काय सिगरेट?"

"दर रविवारी. दार उघडलं की पहिलं तेच. थोरला म्हणतो, सिगरेट सोड. थोरल्याला तुझी काळजी वाटते." त्याचा आवाज चिरत चालला होता, तो प्रत्येक शब्द हातानं ढकलल्यासारखा बाहेर काढत होता. "मी म्हणायचो, त्याला सांग, येऊन सांग म्हणावं. तोंडानं सांग. त्या दिवशी सोडतो. आणि तिच्यासमोर पेटवायचो."

थोरल्याच्या चॉपस्टिक हातातच राहिल्या.

"ती हे मला कधी बोलली नाही."

"काय सांगायची मग?"

थोरल्याला आठवलं. आई रविवारी संध्याकाळी परत यायची, चपला काढता काढता म्हणायची, धाकटा बरा आहे. धाकटा म्हणाला, दादा जेवला का.

हे त्याला बोलता येईना.


खुर्ची

मिठूनं आपली खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकवली.

"आमच्यात एक नियम आहे," ती म्हणाली. "दोन्ही माणसांची भाषा एकच असेल, तर दुभाष्यानं उठून जायचं. मी हात धुऊन येते." आणि गेली. बराच वेळ धूत बसली असावी.

टेबलावर आता दोघंच. कपातली चावानमुशी गार होऊन वर सुरकुती धरत होती.

थोरल्याला सवयीनं वाटलं, मान वळवावी आणि म्हणावं, त्याला सांग. मध्ये कुणी नव्हतं. त्यानं आयुष्यात शेकडो लोकांच्या तोंडात दात बसवले होते आणि स्वतःचं तोंड उघडेना.

"म्हण," धाकटा म्हणाला.

"काय?"

"ते. रविवारचं."

थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं. मफलरच्या वर गळ्याच्या शिरा दोऱ्यासारख्या.

"आता काय उपयोग?"

"म्हण तरी."

"सिगरेट सोड," थोरला म्हणाला.

"सोडली," धाकटा म्हणाला.

एवढंच झालं. मग धाकट्यानं काउंटरकडे मान केली आणि म्हणाला, "तो पंखा जाणार आहे. ऐक. कंप्रेसर नाही, पंखा." थोरल्यानं ऐकल्यासारखं केलं. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, हा उरलासुरला आवाज मासे ठेवायच्या फ्रीजवर कशाला खर्च करतोय. म्हणावं का त्याला? एकदा दादा म्हण. चार अक्षरंही नाहीत. पण मागितलेला शब्द म्हणजे कवळीच, बसेल नीट, आपली नव्हे. आपण होऊन म्हणेल, त्यानं ठरवलं. ते ठरवणंही जुन्याच कायद्यातलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

अॅप्रनवाली मुलगी भांडी उचलायला आली. धाकटा तिला म्हणाला, "छान होतं."

सरकत्या जिन्यावर धाकटा पुढच्या पायरीवर, थोरला मागच्या. खाली मॉलचे मजले एकेक वर येत होते. बुटांची दुकानं, फुगे, आइस्क्रीम खाणारं कुटुंब. धाकट्यानं अर्ध्यात मान वळवली आणि तोंड उघडलं. मिठूनं ओठांवर बोट ठेवलं. "बाबा, पुरे आज. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

धाकट्यानं तोंड मिटलं.

सकाळी म्हणेल, थोरला मनात म्हणाला. दवाखान्यात.


सकाळ

सकाळी थोरला दवाखान्यात पोचला तेव्हा धाकट्याला इंजेक्शन देऊन झालं होतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सैल. थोरला लवकरच निघाला होता खरं तर. वाटेत त्याला वाटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि तो कामाच्या खोलीकडे वळला. वडिलांची कवळी तिथे होती. पोचवायच्या आधी, कुणी बघत नसताना, त्यानं ती काढून घेतली होती. त्याच दिवशी. धाकटा पायरीवर बसला होता तेव्हा. ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आईनं मनानं रचलेल्या निरोपांत तेवढा एक खरा निरोप राहून गेला होता.

कवळी त्यानं स्वच्छ फडक्यात बांधून आणली होती. धाकट्याला दाखवायची होती. तुझं ऐकलं होतं रे मी, म्हणायचं होतं.

चाकाची खाट निघून गेली. फडकं खिशातच राहिलं.


परत

नंतर, जखम भरल्यावर, धाकट्याला गिळता यायला लागल्यावर, तिघं पुन्हा त्या हॉटेलात गेले. तेच टेबल. काचेतल्या शेवया अजून हवेतच होत्या.

धाकट्याच्या गळ्याला आता भोक होतं, त्यावर पांढरी जाळी. मिठूनं त्याला खुणा शिकवायला घेतल्या होत्या. मेकॅनिकचे हात, जाड बोटांचे, पण चटकन शिकत होते. चुकले की तो स्वतःलाच चापट मारायचा.

थोरल्यानं यावेळी वाट बघितली नाही. चावानमुशी यायच्या आधीच फडकं काढून टेबलावर सोडलं. धाकट्यानं दातांकडे बघितलं. उचलून खिडकीच्या उजेडात धरले, फिरवले. बराच वेळ.

"काढले होते मी," थोरला म्हणाला. "तू पायरीवर होतास तेव्हाच."

धाकट्यानं कवळी खाली ठेवली. त्याचे हात हलू लागले. एकदा हनुवटीकडे गेले, मग छातीकडे, मग अडखळले, पुन्हा पहिल्यापासून हलले. थोरल्याला एक खूणही येत नव्हती. तो मिठूकडे बघत होता.

मिठू जन्मल्यापासून त्याला काका म्हणत आली होती. पण कामाला बसली की ती तिच्या नियमाची पक्की. समोर जो मी असेल, तोच तिचा मी. ती त्याच्याकडे वळली आणि तिच्या स्वच्छ, तरुण, कधी न चिरलेल्या आवाजात म्हणाली,

"दादा, त्या दिवशी जिन्यावर हेच विचारणार होतो. त्या हिरव्या फ्रीजकडे कधी येऊ?"

काउंटरवरचा फ्रीज बंद होता. पंखा गेला होता. त्यामुळे सगळं अगदी नीट ऐकू आलं.